छोट्या घरगुती कॅराव्हॅनसाठी ओढणारी गाडी कोणती घ्यावी? (अमळनेर, बजेट साधारण १३ लाख)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेलं आता प्रत्यक्षात येतंय, म्हणून तुमचा सल्ला हवाय.

एका ओळखीच्या माणसाकडून तेरा फुटी ट्रेलर घेतोय. एकच आस, दोन चाकं. आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा आणि मुख्य म्हणजे संडास. कागदावर रिकामं वजन ६५० किलो. आम्ही पाच जण : मी, बायको, दोन मुलं आणि आई. (आई आणि धाकटी खाली, मोठा तंबूत झोपायला एका पायावर तयार आहे.)

सगळा खटाटोप आईसाठी आहे. लहानपणी आम्ही दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला दमणीतून जायचो. वडील हाकायचे, आई मागे गोधड्यांवर बसून आम्हाला दशम्या द्यायची. आता गुडघ्यांमुळे आणि रात्रीच्या संडासाच्या काळजीने तिने कुठे जायचंच सोडलं. 'तुम्ही जाऊन या रे' म्हणते आणि आम्ही निघालो की ओट्यावर येऊन उभी राहते. ते बघवत नाही.

सध्या माझ्याकडे २०१९ची पेट्रोल अर्टिगा आहे. ती चालेल का? नसेल तर बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी क्रिस्टा यांपैकी काय घ्यावं? जायचंय ते सारंगखेडा, पाटणादेवी, चांगदेव, उनपदेव आणि जमलं तर तोरणमाळ.

मेहरूणची_बोरं
दादा, दमनीना जमाना परत उना म्हना! लई भारी. फोटो टाका.

डिझेलदादा
अर्टिगा नको. कारण सांगतो.

तुमच्या इंजिनचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १३८ न्यूटन मीटर, तोही आरपीएम बऱ्यापैकी चढल्यावर हाती येतो. ओझं जागचं हलवायला आणि चढावर खेचत ठेवायला खालच्या आरपीएमचा जोर लागतो. बोलेरोचं इंजिन ७५ अश्वशक्तीचंच, पण टॉर्क २१०. जुन्या क्रिस्टाचं २.४ डिझेल मॅन्युअल ३४३. जुन्या स्कॉर्पिओचं १४० अश्वशक्तीचं मॉडेल ३२०. स्कॉर्पिओ-एन डिझेलच्या वरच्या मॉडेलला मॅन्युअलमध्ये ३७०, पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

दुसरं, अर्टिगाची पुढची चाकं ओढतात. मागे हुकावर भार आला की गाडीचं नाक उचलतं, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं त्यांचाच जमिनीवरचा दाब कमी होतो. घाटात खडीवर थांबून परत निघायचं म्हटलं की चाक जागेवर फिरणार. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रिस्टा तिन्ही चासीवाल्या (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) आणि मागच्या चाकांनी ओढणाऱ्या. तोच भार तिथे उपयोगी पडतो.

तिसरं, गाडीसोबत आलेलं पुस्तक काढून वाचा. आमच्या घरच्या मारुतीच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट छापलंय. कंपनीच नको म्हणत असेल तर विषय तिथेच संपतो.

भरीतपार्टी
ट्रेलर कशाला? सरळ टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतून करून घ्या. रिव्हर्सची कटकट नाही, हुकाची नाही.

बोरीकाठ
@भरीतपार्टी, तोही विचार केला होता. पण मुक्कामी पोहोचल्यावर गाडी मोकळी हवी. आईला दर्शनाला न्यायचं, दूध आणायचं, कोणाला बरं नसेल तर दवाखाना गाठायचा, तर दर वेळी सगळं घर गुंडाळून निघायचं का? ट्रेलर उभा राहतो, गाडी सुटते.

सातपुडा_३९
मी शहाद्याकडचा. तोरणमाळचं नाव काढलंत म्हणून लिहितो. वर साधारण ११५० मीटर उंची आहे आणि आपण तापीच्या सपाटीवरून चढतो, म्हणजे हजारएक मीटरचा चढ. सातपायरी घाटातली वळणं अशी आहेत की समोरून एसटी आली तर कोणाला तरी मागे घ्यावंच लागतं. ट्रेलर मागे घेता येत नसेल तर तिथे जाऊच नका.

पहिलं वर्ष सारंगखेडा, चांगदेव, उनपदेव असं सपाटीवर काढा. तोरणमाळला ट्रेलर खाली कोणाच्या मळ्यात उभा करा, गाडी घेऊन वर जा, यशवंत तलाव बघा, संध्याकाळी खाली. आईंनाही तेच सोयीचं.

कन्नडघाट
मी स्वतः भोगलंय ते सांगतो, कारण धाग्यात अजून हुकाबद्दल कोणी बोललं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे छोटा कॅम्पिंग ट्रेलर होता, भरून पाचशे किलोच्या आसपास. हूक एका वर्कशॉपमध्ये बसवला. त्यांनी तो मागच्या बंपरच्या आतल्या पट्टीला वेल्डिंग करून दिला. दिसायला मजबूत, वर काळा रंग. मीही खाली वाकून पाहिलं नाही, ही चूक माझी. संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट उतरत होतो. एका खड्ड्यात दणका बसला आणि मागून 'टण्ण' असा आवाज आला. आरशात बघतो तर ट्रेलर एका बाजूला कललेला. एका बाजूचं वेल्डिंग पूर्ण सुटलं होतं, दुसऱ्या बाजूला दोन बोटं उरलं होतं. साखळ्या होत्या म्हणून ट्रेलर दरीत गेला नाही. गाडीत माझी दोन मुलं होती. बायकोने उतरून चाकांना दगड लावले तेव्हा तिचे हात थरथरत होते.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. हूक चासीच्या दोन्ही लांब दांड्यांना नट-बोल्टनेच बसवायचा, बंपरला वेल्डिंग नाही. साखळ्या दोन, आणि एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचा पुढचा दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आणि हुकाचा गोळा व कप्लिंग (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी वाटी) एकाच मापाचे हवेत. ५० मिलिमीटर आणि दोन इंच दिसायला सारखेच, पण दोन इंच म्हणजे ५०.८. ५०च्या कप्लिंगमध्ये दोन इंची गोळा नीट बसत नाही, आणि उलट केलं तर सैल राहून आतल्या आत झिजत जातं.

लळिंगचा_वारा
@कन्नडघाट, अंगावर काटा आला. मुलं सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

आमच्याकडे धुळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला 'टोचन' लावणं रोजचं, त्यामुळे लोकांना हे कामही तसंच वाटतं. पण ट्रॅक्टर २०च्या वेगाने जातो. आग्रा रोडवर ७०ने जाताना बाजूने लक्झरी बस गेली की आधी हवेचा धक्का बसतो, मग ओढ. ट्रेलर डुलायला लागला की भले भले ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतात आणि तिथेच घात होतो. ब्रेक मारायचा नाही, जोरात स्टिअरिंग मारायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा.

केळीबाग_रावेर
गाडी कोणती हे शेवटी बघा. आधी ट्रेलर भरायचा कसा ते बघा. डुलण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

आमच्या आजोबांचे दोन शब्द आहेत, आता मुलांना माहीतही नाहीत. गाडीत मागे जास्त भरलं की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार भरलं की 'धुरजड' होते, बैलांच्या मानेला घट्टे पडतात. आजोबा गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी धुरा स्वतः हाताने उचलून बघायचे. सहज उचलला गेला तर दोन पोती पुढे सरकवायचे. म्हणायचे, गाडी किंचित धुरजड असावी, उलाळ कधीच नको.

कॅराव्हॅनचं अगदी हेच आहे. युरोपात हुकावरचा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. तिथले वेग, गाड्या, हुकांची रचना वेगळी, म्हणून आकडे वेगळे. पण उलाळ गाडी कुठेच चालवत नाहीत. मागचा भार पेंडुलमसारखा गाडीला हलवतो.

मोजायचं कसं? ट्रेलर भरा, सपाट जागी उभा करा, किराणावाल्याचा प्लॅटफॉर्म काटा आणा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून कप्लिंग हुकाच्या उंचीवर टेकवा. काट्यावर दिसेल तो भार. एकूण वजनासाठी जिनिंगचा वजनकाटा आहेच.

मेहरूणची_बोरं
@केळीबाग_रावेर, तुमच्या आजोबांना साष्टांग. हा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावतो.

नंदाई
मी पुरुषांच्या गाड्यांच्या चर्चेत सहसा पडत नाही, पण यात एक गोष्ट राहिली. बोरीकाठ, तुम्ही आईसाठी घेताय ना? मग आईंना गाडीत चढता येतं का ते आधी बघा. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. आमच्या उंच गाडीत त्यांना चढवताना दोघांनी धरावं लागतं, आणि त्या संकोचाने 'मी नाही येत' म्हणतात. टॉर्क कितीही असू दे, त्या पायरीपाशी सगळं अडतं. शोरूमला किंवा जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आईंना सोबत न्या, चढून-उतरून बघू द्या.

ट्रेलरच्या दारालाही तेच. सुटी पायरी डगमगते. रुंद पायरी आणि दाराशी धरायला दांडा लावून घ्या.

डिझेलदादा
@नंदाई, पूर्ण सहमत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिंपळनेरकर
बोलेरोवर फुली मारू नका. कुठल्याही खेड्यात तिचा मेकॅनिक सापडतो आणि पार्ट मिळतो. मी बोलेरोला पाणी मारायची टाकी लावून डोंगराळ रस्त्याने ओढलीय. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश, पण जाते.

डिझेलदादा
@पिंपळनेरकर, जाते हे मान्य. पण गाडीत पाच माणसं, बाहेर मे महिन्यातलं ४५ अंश, एसी चालू, मागे टनभर ओझं आणि कोंडाईबारीचा चढ. ७५ अश्वशक्तीला सतत पिळावं लागेल. मागे ट्रकांची रांग लागते, मग आपण घाई करतो. ताकद राखून असली की चालवणाऱ्याचं डोकं शांत राहतं.

पिंपळनेरकर
मग मे महिन्यात जाऊच नये! पण ठीक आहे, पाच माणसांचा मुद्दा पटला. माझ्या गाडीत मी एकटा होतो.

आरटीओ_गल्ली
कागदांचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर केंद्राच्या यादीत नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येतो. ट्रेलर ओढताना मागून ओढणाऱ्या गाडीचाही नंबर दिसला पाहिजे. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आरसीशी विसंगत बदल चालत नाही, म्हणून हूक बसवण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन लेखी विचारा. विमा कंपनीलाही हूक आणि ट्रेलर दोन्ही लेखी कळवा.

सर्वांत महत्त्वाचं, विकणाऱ्याकडे ट्रेलरचे कागद आहेत का? 'करून देतो' यावर पैसे देऊ नका. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं, पण त्याने तुमच्या ट्रेलरची नोंदणी आपोआप होत नाही.

बोरीकाठ
कागद आहेत, नोंदणी झालेली आहे, नाव बदलायचंय. बाकीचं उद्याच विचारतो.

गिरणामाय
अवांतर : पाटणादेवीला जाणार असाल तर पावसाळा संपता संपता जा. धबधबे चालू असतात आणि अभयारण्याची हिरवळ डोळ्यांत मावत नाही. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, मुलांना नक्की दाखवा. आणि येताना चाळीसगावला शेवभाजी.

भरीतपार्टी
शेवभाजी वरणगावची!

गिरणामाय
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू. :)

कन्नडघाट
ब्रेकचं कोणी बोललं नाही. बोरीकाठ, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. सोपा प्रकार म्हणजे ओव्हररन ब्रेक. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्याने कप्लिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल ओढून चाकांचे ब्रेक लागतात. नसेल तर गाडी आणि ट्रेलर, दोघांचं ओझं एकट्या गाडीच्या ब्रेकवर. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

बोरीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस तुम्ही सांगितलेलं एकेक करत होतो, म्हणून उशीर.

रविवारी ट्रेलर भरला. अगदी जायचं तसाच : गाद्या, भांडी, सिलिंडर, दोन बॅटऱ्या, पाण्याची ८० लिटरची टाकी पूर्ण, तंबू, खुर्च्या. जिनिंगच्या काट्यावर नेला. रिकामाच ७३५ निघाला, ६५० नाही. भरून १०४० किलो! काटेवाल्याला दोनदा करायला लावलं. मग किराणा दुकानाचा काटा आणून ठोकळ्यावर दांडा टेकवला तर फक्त ३८ किलो. चार टक्केसुद्धा नाही. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही आसाच्या मागे होत्या. पक्की उलाळ गाडी, @केळीबाग_रावेर.

मग टायर बघितले. बाजूला भार क्रमांक ८२ लिहिलाय, म्हणजे एका टायरची क्षमता ४७५ किलो. हुकावरचे ३८ वजा करता दोन चाकांवर १००२, प्रत्येकी ५०१. म्हणजे टायर आधीच जास्त भाराखाली होते, आणि त्यांच्यावर तारीख २२१६, म्हणजे २०१६चा बाविसावा आठवडा. हे घेऊन उन्हात निघालो असतो तर?

आता बॅटऱ्या पुढच्या बाकाखाली नेल्या. पाणी वीसच लिटर भरून निघायचं, बाकी मुक्कामावर. परत मोजलं : एकूण ९८०, हुकावर ८२. टायर ८८ क्रमांकाचे, ५६० किलोचे, दोन्ही नवे आणि स्टेपनीही तीच. ब्रेक नव्हते. ओव्हररन कप्लिंगसकट नवा आस टाकायचं ठरवलं, तो खर्च गाडीच्या बजेटमधून काढला.

आणि गाडी. @नंदाई, तुमचं ऐकून आईला सोबत नेलं. स्कॉर्पिओपाशी तिने पाय उचलला, दाराची मूठ धरली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यातच उत्तर होतं. क्रिस्टात मात्र आधी बसली, मग पाय आत घेतले, कोणाला हात लावू दिला नाही. २०१७ची २.४ मॅन्युअल आहे, सर्व्हिसचा इतिहास पूर्ण आहे. क्लच आणि रेडिएटर आधी तपासून घेणार, मग टोकन देणार.

डिझेलदादा
उत्तम निवड. क्लच नवाच टाका, चढावर ट्रेलर मागे घेताना तोच पहिला जळतो. कूलंट बदला. आणि गाडीवर ट्रेलर ओढण्याची मर्यादा किती ते कंपनीकडून लेखी घ्या, हुकावर मावेल एवढ्या भाराचाही आकडा विचारा. ८२ त्याच्या आत बसलाच पाहिजे.

लळिंगचा_वारा
रिव्हर्ससाठी : स्टिअरिंगच्या खालच्या भागाला हात धरा. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची तिकडेच हात न्या. मार्केट यार्डात सुट्टीच्या दिवशी विटा लावून सराव करा. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर आरशांना वाढीव आरसे लावा, नाहीतर मागचं काहीच दिसणार नाही.

सातपुडा_३९
सारंगखेड्याला आमच्या मावसभावाचं शेत तापीकाठीच आहे. यात्रेच्या गर्दीपासून जरा आत, पण पाणी आहे आणि रस्त्याला ट्रेलर वळेल एवढी जागा आहे. दत्तजयंतीच्या चार दिवस आधी निरोप द्या, जागा धरून ठेवतो. आईंना घोडे बघायला नेण्याची जबाबदारी माझी.

बोरीकाठ
@सातपुडा_३९, काय बोलू. आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, पाटा-वरवंटा सोबत घेतला तर चालेल का? मिक्सरमधली चटणी तिला चालत नाही. काट्यावर ठेवला, १९ किलो.

केळीबाग_रावेर
घ्या की. आसाच्या किंचित पुढे, खाली जमिनीलगत, कापडात गुंडाळून पट्ट्याने बांधून. वरवंटा वेगळा बांधा, गोल आहे, घरंगळेल. आणि ठेवल्यावर धुऱ्याचं वजन परत एकदा मोजा.